चाळीस मीटरवरचा माणूस

बोसन: ...आणि एक सांगून ठेवतो, यातला एक जरी दिवा वर तोंड करून बसवलात ना, तर मी स्वतः पान्ह्यानं काढून समुद्रात फेकीन. मग कंपनीला काय सांगायचं ते तुम्ही सांगा.

दिवेवाली: वर तोंड नाहीच आहे, काका. जरा वाकून बघा तरी. गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवलाय, वरून पत्र्याची झापड आहे. उजेड पडणार तो पायांशी आणि कामावर. डोळ्यांवर येणारच नाही.

बोसन: गुडघे माझे, आणि वाका म्हणणाऱ्या तुम्ही. बोसन म्हणजे डेकचा मुकादम आहे मी, तीस वर्षं या डेकवर काढली. तांबड्या दिव्यात सगळं काम केलं. आता शेवटी शेवटी तुम्ही येऊन काय उजेड पाडणार?

दिवेवाली: तोच पाडायला आलेय. पगार त्याचाच मिळतो मला.

बोसन: तोंडाच्या फटकळ आहात.

दिवेवाली: दोन दिवस तुमच्याबरोबर डेकवर आहे, त्याचा परिणाम. बरं, आता वाद नंतर. मला क्रमानं सांगा, आज रात्री काय काय होणार? मी कागदावर वाचलंय, पण तुमच्या तोंडून ऐकू द्या.

बोसन: सूर्य बुडाला की मोजणीचं जहाज यंत्रं वर ओढून घेतं. दिवसभर त्यांचं समुद्राचा तळ मोजायचं काम, म्हणून सामान घ्यायला त्यांना रात्रच मोकळी. आपण त्यांच्या शेजारी जातो. थांबायचं नाही, दोघांनी एकाच वेगानं, एकाच रेषेत चालत राहायचं. मध्ये चाळीस मीटर पाणी. मग दोरी जाते, दोरीमागून तार, आणि तारेला लटकून पेट्या. धान्य, भाजी, औषधं, सुटे भाग. सात-आठ पेट्या, तासा-दीड तासाचं काम. सहा सहा महिने बंदराला लागत नाहीत ती माणसं. आपण पंधरा दिवसांनी नाही गेलो तर काय खातील, मीठ?

दिवेवाली: आणि तुम्ही?

बोसन: मी इथं, या कठड्याशी. दोन हातांत दोन पेटत्या कांड्या, बॅटरीच्या. पलीकडे त्यांचा माणूस, त्याच्याही हातांत दोन. कांडी आडवी म्हणजे थांबव, गोल फिरवली म्हणजे ओढ, खाली म्हणजे सोड. वारा आणि तार ओढणाऱ्या विंचचा आवाज, त्यात ओरडून काही ऐकू येत नाही. बोलायचं काय ते वरती, कॅप्टन उभा असतो त्या ब्रिजवरून ब्रिजवर. डेकवर सगळा कांड्यांचा कारभार.

दिवेवाली: म्हणजे तुम्हाला पलीकडचा माणूस दिसत नाही?

बोसन: कांड्या दिसतात.

दिवेवाली: चेहरा?

बोसन: तांबड्या दिव्यात स्वतःचा हात धड दिसत नाही. पांढरा दिवा लावायची सोय नाही, डोळे एकदा दिपले की पुढची वीस मिनिटं माणूस आंधळा. एकदा आमच्या आचाऱ्यानं पाणी फेकायला दार उघडलं, आतला ट्यूबलाइट थेट डोळ्यांत. पुढे किती तरी वेळ मी नुसत्या अंधाराला इशारे करत होतो. आचाऱ्याला मग आठवडाभर मी असं काही सुनावलं की दार उघडायच्या आधी तो आतून खोकायला लागला.

दिवेवाली: आणि किती वर्षं हे तुमचं, याच जहाजाशी?

बोसन: अकरा. अकरा वर्षं तोच आहे पलीकडे.

दिवेवाली: चेहरा बघितला नाही, तर तोच आहे हे कशावरून?

बोसन: सांगितलं तर हसाल.

दिवेवाली: हसायला इथं दुसरं आहे काय? सांगा.

बोसन: काम संपलं, शेवटची दोरी सुटून परत आली की तो उजवी कांडी डोक्याला लावतो. दोनदा. टक, टक. मग मी लावतो, दोनदा. मग तो कांड्या विझवतो आणि मी विझवतो. नियमात कुठं बसत नाही ते. पहिल्या वर्षी एका रात्री त्यानं केलं, मी केलं, तेव्हापासून चालू आहे.

दिवेवाली: त्याचा अर्थ काय?

बोसन: कसला आलाय अर्थ! झालं काम. जेव आता, झोप. वर्षातून चोवीस-पंचवीस रात्री आमची भेट. बायकोची आणि माझी कधी एका वर्षात एवढी झाली नव्हती. ती गेली तेव्हाही मी इथंच होतो, बातमी तीन दिवसांनी आली. त्या रात्री त्यानं डोक्याला कांडी लावली ना, तर मी कठड्याशी उभा राहून रडलो. त्याला काय माहीत? काही नाही. पण कुणीतरी जेव म्हटलं मला.

दिवेवाली: घरी कोण असतं आता?

बोसन: भावाचं घर. एक खोली आहे माझी, त्यात त्यांची गाद्यांची चवड असते. मी गेलो की चवड हलवतात. वहिनी चांगली आहे, वाईट बोलायचं काम नाही. पण दुसऱ्या दिवशी चहा देताना हमखास विचारते, भावजी, परत कधी? भावाचा नातू मला पाहुणेआजोबा म्हणतो. लाडानंच म्हणतो.

दिवेवाली: काका, ती तार जरा इकडे ओढता का? मला खूण बघायची आहे.

बोसन: कसली खूण?

दिवेवाली: तारेवरची. पेटी पलीकडच्या कठड्यापाशी पोहोचली की कुठली खूण चाकावर येते, ती. तुम्ही ती बघून विंच थांबवता ना?

बोसन: ही काय. पांढरा कापडी पट्टा आहे. नीट शिवून घेतलाय. दिसतो चांगला.

दिवेवाली: हो, पट्टा छान आहे. नवीन दिसतो.

बोसन: तीन महिने झाले.

दिवेवाली: तीन महिने. म्हणजे अपघातानंतरचा. आणि हे पट्ट्याच्या कडेला, तारेच्या पिळात, हे तांबडं काय आहे?

बोसन: गंज.

दिवेवाली: गंज नखानं असा निघत नाही. हा रंग आहे, ऑइलपेंट. खरवडून काढलेला. काका? इकडे बघा.

बोसन: बघतोय की.

दिवेवाली: अपघाताच्या अहवालात लिहिलंय, मोठी लाट आली, तार जास्त गेली, पेटी पलीकडच्या कठड्यावर आदळली. त्या रात्रीचा समुद्र मी तपासलाय. तळ्यासारखा होता.

बोसन: तुम्ही दिवे बसवायला आलात का पोलिसात आहात?

दिवेवाली: दिवे बसवायलाच आलेय. तो अपघात झाला म्हणून मला पाठवलं. नेमकं काय दिसलं नाही ते मला कळलं नाही, तर मी दिवा कुठं लावू? मी कुणाला ओरडायला आलेली नाही.

बोसन: आधी एक मळकी चिंधी बांधलेली असायची तिथं. वर्षानुवर्षं तीच. तेलानं काळवंडली होती. मी मलाच म्हटलं, बोसन, आपण धड काम करू. दुपारी उन्हात बसलो, तार घासली, आणि वीतभर पट्टा मारला, लालभडक. थांबायची खूण लालच असते ना? दोन हात दिले रंगाचे. वाळल्यावर लांबून बघितला. असा झळकत होता म्हणून सांगू, मीच मला शाबासकी दिली.

दिवेवाली: आणि रात्री तांबडे दिवे लावले.

बोसन: रात्री तांबडे दिवे लावले आणि खूण गेली. नाहीच. सगळी तार एकसारखी. मी डोळ्यांत तेल घालून बघतोय, आता येईल, आता येईल. तीन हात तार जास्त गेली तेव्हा पलीकडून आवाज आला. माणसाचा. एवढ्या वाऱ्यात ऐकू आला.

दिवेवाली: तांबड्या उजेडात लाल रंग आणि उघडी तार सारखीच दिसतात, काका. लाल रंग तिथं वेगळा दिसूच शकत नाही. तुमचे डोळे चुकले नाहीत.

बोसन: हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. कोठीतला तांबडा दिवा लावून, तार समोर धरून बसलो, तेव्हा. तीस वर्षं त्या उजेडात काम करतोय आणि एवढं कळू नये? मग सगळा रंग खरवडला. लाट आली असं वरच्यांनी आधीच लिहून टाकलं होतं. मी मूग गिळून गप्प बसलो.

दिवेवाली: आणि पलीकडे?

बोसन: एकाची दोन बोटं गेली. उजव्या हाताची. ब्रिजवरून एवढंच कळलं. कोण, ते कळलं नाही. मी विचारलंही नाही.

दिवेवाली: का नाही विचारलं?

बोसन: कारण पुढच्या खेपेपासून तो डोक्याला कांडी डाव्या हातानं लावतो.

दिवेवाली: अरे देवा.

बोसन: अकरा वर्षं उजव्या हातानं. आता डाव्या. तीन महिन्यांत सहा वेळा. मी त्याचा हात खाल्ला, आणि तो अजून मला जेव म्हणतो. मी पण लावतो कांडी डोक्याला. चोरासारखी.

दिवेवाली: काका, मला हे लिहावं लागेल. बाकी सगळ्या जहाजांवर असेच दिवे आहेत, आणि लाल रंगाचे डबे त्यांच्याकडेही आहेत.

बोसन: लिहा. लिहायलाच हवं. तसंही पुढच्या वर्षी मी निघणारच आहे, आता काढलं तर सहा महिने आधी. वहिनीला गाद्या लवकर हलवाव्या लागतील, एवढंच.

दिवेवाली: मी उद्या दुपारी लिहीन. सकाळची वेळ तुमची. कॅप्टनना तुम्हीच आधी सांगा.

बोसन: आणि आज रात्री हे तुमचे दिवे लागले, की तो दिसेल मला?

दिवेवाली: त्यांच्याकडेही बसवलेत. गेल्या खेपेला पेटीतून पाठवले होते, त्यांनीच लावले. पहिल्या पाच पेट्या जुन्या उजेडात, शेवटच्या दोन नव्या. कॅप्टनचं तेवढंच म्हणणं पडलं. चेहऱ्यावर थेट उजेड येणार नाही, पण डेकवरून उसळून आलेला पुरेल. दिसेल.

बोसन: मग मला नकोत ते दिवे.

दिवेवाली: काका.

बोसन: नकोत म्हणजे हवेत हो. पण नकोत.

(अंधार. दोन्ही जहाजं शेजारी शेजारी चालली आहेत. पाच पेट्या पलीकडे गेल्या आहेत.)

दिवेवाली: तयार? आज चाचणीपुरती मी त्यांच्या डेकशी वॉकीटॉकीवर आहे. दिवे लावते. एकदम नाही, हळूहळू वाढवते.

बोसन: लावा एकदाचे.

दिवेवाली: डोळे दिपतात का?

बोसन: नाही. पाय दिसताहेत माझे. अहो, बुटाची नाडी सुटलेली दिसतेय! किती वर्षं सुटलेली आहे कुणास ठाऊक.

दिवेवाली: तार?

बोसन: तार स्वच्छ दिसते. खूण दिसते. सोड, सोड... सहावी पेटी निघाली. पाणीसुद्धा दिसतंय खाली. एवढं जवळ असतं होय ते?

दिवेवाली: वर बघा, काका. पलीकडे.

बोसन: पेटी जाऊ दे आधी.

दिवेवाली: पेटीकडे बघता बघताच बघा.

बोसन: ...थांबव! खूण आली. थांबव. लागली पेटी. व्यवस्थित लागली. अहो.

दिवेवाली: काय झालं?

बोसन: तो नाही तो.

दिवेवाली: म्हणजे?

बोसन: ती बाई आहे. हेल्मेटखालून वेणी दिसतेय. तरुण आहे हो, तुमच्याहून लहान असेल. दोन्ही हातांनी कांड्या धरल्यात, दोन्ही हात धड आहेत. तो कुठे आहे? त्याला काय झालं?

दिवेवाली: हात चालू ठेवा, काका. एक पेटी बाकी आहे.

बोसन: चालूच आहेत. हात माझे झोपेत पण चालतील. तुम्ही विचारा तिला. विचारा, तो कुठे आहे.

दिवेवाली: शेवटची पेटी पोहोचू दे. मग तुम्हीच विचारा, वॉकीटॉकी तुमच्या हातात देते. जमेल?

बोसन: सोड... सोड... थांबव. लागली. द्या इकडे. कुठं दाबायचं? हॅलो. पलीकडे कोण आहे?

पलीकडून: डेकवरून बोलतेय. तुम्ही कोण? तो कठड्याशी उभा माणूस? हात वर करा बघू.

बोसन: केला.

पलीकडून: अय्या, खरंच म्हातारे आहात! आमच्याकडे सगळे म्हणायचे, पलीकडे एक म्हातारा असतो, पण बघितलं कुणीच नव्हतं.

बोसन: तू किती दिवस आहेस तिथं?

पलीकडून: तीन महिने. सहावी खेप ना? नाही, आजची सातवी.

बोसन: आणि ते... कांडी डोक्याला लावायचं?

पलीकडून: ते होय? ते काम सोपवतानाच शिकवलं मला. शेवटची दोरी सुटली की डोक्याला दोनदा लाव, त्याशिवाय पलीकडचा म्हातारा जागचा हलत नाही. मी डावखुरी आहे, म्हणून डाव्या हातानं लावते. चालतं ना?

बोसन: कुणी शिकवलं?

पलीकडून: माझ्या आधीच्यानं. त्याचा हात दुखावला, घरी गेला तो.

बोसन: त्याला किती वर्षं झाली होती तिथं?

पलीकडून: दोनेक असतील. त्याला त्याच्या आधीच्यानं शिकवलं होतं म्हणे. आणि त्याला त्याच्या आधीच्यानं. चार-पाच जण झाले असतील. का हो?

दिवेवाली: काका, बसता का जरा?

बोसन: नाही, शेवटची दोरी यायचीय. दिवेवाल्या बाई, मला वाटत होतं तो एकच आहे. अकरा वर्षं एकच. म्हणजे बायको गेली त्या रात्री कोण होता? कुणास ठाऊक. आणि जो पहिला होता, ज्यानं सुरू केलं, त्याची शेवटची रात्र कुठली? तेव्हाही मी नेहमीसारखी कांडी लावून जेवायला गेलो असेन. त्याला जाताना नीट बघितलंसुद्धा नाही.

दिवेवाली: बघणार कसं? दिसतच नव्हतं.

पलीकडून: हॅलो? आहात का?

बोसन: आहे. त्याची बोटं... त्या तुझ्या आधीच्याची. कसा आहे तो?

पलीकडून: बरा आहे. बंदरात कार्यालयात बसवलंय त्याला. निघाला तेव्हा हात बांधलेला होता, एवढं मोठं बँडेज. त्याच हातात कांडी धरून दाखवली मला, डोक्याला कशी लावायची. मी म्हटलं, ज्याच्यामुळे हात गेला त्यालाच कशाला? तर म्हणाला, त्याला दिसलं नसेल गं. दिसलं असतं तर थांबवलं असतं त्यानं.

बोसन: असं म्हणाला?

पलीकडून: अस्संच.

बोसन: ऐक. त्याला सांगशील? त्या तारेवरची खूण मी रंगवली होती. लाल. तांबड्या दिव्यात ती दिसत नाही, हे मला कळायला हवं होतं, आणि कळल्यावर मी तीन महिने तोंडाला कुलूप लावलं. लाटबिट काही नव्हती. माझी चूक होती. नाव नको सांगू, माझं नाव त्याला माहीत नाही. सांग, पलीकडच्या म्हाताऱ्यानं सांगितलंय.

पलीकडून: सांगते. जसंच्या तसं सांगते.

दिवेवाली: दोरी सुटली, काका. येतेय. मला हो-नाही पाहिजे. दिवे ठेवायचे की काढायचे? तुमच्या शब्दावर सगळ्या जहाजांचं ठरणार आहे.

बोसन: ठेवा. सगळीकडे लावा. आणि तो लाल डबा माझ्यासमोर फेका. हं, दोरी आली. घेतली.

पलीकडून: काका, आता लावायची ना कांडी? एवढं बोलून झालं, तरी लावायची?

बोसन: लाव की. बोलणं वेगळं.

पलीकडून: ही घ्या. एक. दोन.

बोसन: ही घे. एक... दोन. जेव आता. आणि ऐक, उद्या सकाळी मी कॅप्टनला सगळं सांगणार आहे. पुढच्या खेपेला बहुतेक इथं दुसरा कुणी उभा असेल. त्याला मी शिकवून जाईन, डोक्याला दोनदा. तुला फरक कळायचा नाही.

पलीकडून: कळेल, काका. आता दिवे आहेत.